समुद्रापलीकडून : अब्बांचं मस्कत



नोव्हेंबर लागला की मस्कतमधल्या आपल्या घरांत गाद्या-उशांची मोजणी सुरू होते. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा कुणी कुणाला बोलावत नाही. थंडी म्हणजे तरी काय, आपल्याकडच्या दिवाळीतली पहाट. पण तेवढ्या भांडवलावर मार्चपर्यंत पाहुण्यांची रीघ लागते. एकाला विमानतळावर सोडायचं आणि त्याच फेरीत दुसऱ्याला घेऊन यायचं, असंही आमच्या इमारतीत घडलेलं आहे. मुंबईहून विमानाने तीन तासही लागत नाहीत. रत्नागिरीकडच्या माणसाला मुंबई गाठायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो, तो भाग वेगळा.

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. आईवडील किंवा सासूसासरे पहिल्यांदाच परदेशात येतायत, त्यांना काय काय दाखवू? आज त्याबद्दलच लिहिते. फक्त आमच्याकडे या वेळी जे पाहुणे आले ते अर्धे पाहुणे होते आणि अर्धे इथलेच.

माझे अब्बा १९७७ साली, चोवीस वर्षांचे असताना, मस्कतला आले होते. एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. १९९१ला परतले. चौदा वर्षांत दर दोन वर्षांनी एक सुट्टी. पहिल्या सुट्टीत लग्न झालं. माझा जन्म १९८२चा, आणि अब्बांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते मी सव्वा वर्षाची असताना. मी त्यांच्याकडे गेले नाही, दादीच्या पदराआड लपले, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. कोकणातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आपल्या गावागावांत अशी घरं आहेत. ड्राफ्टवर बांधलेली, आणि बांधणारा त्यात राहायला आला तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो. सासूसासरे तीनदा येऊन गेले. अम्मी-अब्बा मात्र येईनात. जावयाच्या घरी महिनाभर कसं राहायचं, हा एक अडसर. तो आमच्या ह्यांनी स्वतः फोन करून दूर केला. दुसरं कारण अब्बा बोलून दाखवत नव्हते. "मस्कत मी पाहिलंय" एवढंच म्हणायचे. अम्मीला ते चालेना. तिने मस्कत पाहिलेलं नव्हतं. चौदा वर्षं तिने त्या गावाच्या पत्त्यावर पत्रं टाकली होती.

शेवटी दोघं आले. आम्ही यादी तयार ठेवली होती. पहिल्याच रात्री जेवताना अब्बा म्हणाले, "बेटा, तुझी यादी राहू दे. आधी तिला मी माझं दाखवतो. मग तुम्ही मला तुमचं दाखवा." महिनाभर तसंच चाललं.

अब्बांचं मस्कत म्हणजे रुवी आणि मत्रह, बस्स. रुवी हा दाट वस्तीचा व्यापारी भाग. आपल्या लोकांची दुकानं, खानावळी, सोनार, शिंपी सगळे तिथे. मत्रह म्हणजे बंदर. दोन्हींच्या मध्ये काळे, उघडे डोंगर. अब्बांच्या काळी सुट्टी फक्त शुक्रवारची. जुम्मा झाला की ही मंडळी बसचे पैसे वाचवायला रुवीहून मत्रहपर्यंत चालत जायची, समुद्राच्या कट्ट्यावर बसायची आणि मगरिबनंतर चालत परतायची. कट्ट्यावर काय करायचात, असं माझ्या थोरल्याने विचारलं. "पत्रं वाचायचो. गावाहून आलेलं पत्र खोलीत वाचायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. खोलीत आठ जण. एकाला पत्र आलं की सात जणांची तोंडं उतरायची."

मत्रहचा कट्टा आजही सुंदर आहे आणि पाहुण्यांसाठी याहून चांगली पहिली संध्याकाळ मला माहीत नाही. पैसे लागत नाहीत, चढ नाही, दर थोड्या अंतरावर बसायला जागा आहे. एका बाजूला पांढरी जुनी घरं, वर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, पुढे रियामच्या टेकडीवर लोबानदाणीच्या आकाराची भलीमोठी वास्तू. कट्ट्याच्या एका टोकाला मासळी बाजार आहे, २०१७ साली नवा बांधलेला. तिथे आमचा दीड तास गेला. सुरमईला इथे कनअद म्हणतात, हे अब्बांना पाठ होतं. मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं ते त्यांनी दहा मिनिटांत विक्रेत्याकडून काढून घेतलं: दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ओमानमध्ये सुरमई धरायला बंदी असते. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद, तसंच. फक्त इथे ती एका माशापुरती. अम्मी कल्ले उघडून बघत होती. विक्रेत्याला ते आवडलं, कारण तो हसून बाजूच्याला काहीतरी म्हणाला आणि त्याने खालच्या बर्फातून दुसरा मासा काढला.

बोलायची अडचण अम्मीला कुठेच आली नाही. मस्कतच्या बाजारात उर्दू-हिंदी समजणारे जागोजाग भेटतात. काही बलुची, काही कच्छ-सिंधकडून पिढ्यानपिढ्यांपूर्वी आलेले, काही नुसते भारतीय गिऱ्हाइकांमुळे शिकलेले. हे नातं जुनं आहे. १९७० सालापर्यंत मस्कतमध्ये रुपया चालत असे. रिझर्व्ह बँकेने १९५९मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, त्या ओमानने सगळ्यांत शेवटपर्यंत वापरल्या. आज रियाल आहे, पण त्याच्या हजाराव्या भागाला 'बैसा' म्हणतात, तो आपला पैसाच. अम्मीने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून ती प्रत्येक भाव 'पैशात' सांगू लागली. दुकानदारांचा गोंधळ उडाला नाही, आमचा उडाला.

सूकमध्ये मात्र एक गोष्ट सांभाळा. मत्रहच्या या बाजाराला 'अंधाराचा बाजार' असंही नाव आहे, कारण गल्ल्या इतक्या अरुंद आणि झाकलेल्या की भरदिवसा दिवे लावावे लागत. वयस्कर माणूस तिथे चुकला की सापडणं कठीण. आम्ही एक दुकान ठरवून ठेवलं होतं, चुकामूक झाली तर तिथे उभं राहायचं. दुकान लोबानचं होतं, त्यामुळे वासानेही सापडलं असतं! लोबानचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपल्याकडे लोबान किंवा ऊद म्हणून जे मिळतं ती बहुधा निराळ्याच झाडाची राळ असते. इथला लोबान दक्षिणेकडच्या धोफार प्रांतातल्या झाडांचा. सालीवर चीर दिली की थेंब पाझरतात आणि वाळून खडे होतात. हिरवट झाक असलेला, जवळजवळ पारदर्शक खडा सगळ्यांत उंची. आणि इथे 'ऊद' म्हटलं की तुमच्यापुढे येईल ते अगरूचं लाकूड, ज्याची किंमत ऐकून अम्मीने हातातला तुकडा दोन बोटांनी परत ठेवला.

या फिरण्यात तिसऱ्या की चौथ्या दिवशी अम्मीने विचारलं, "तुमचा तो बॉक्स नंबर कुठाय?"

आखातात घरावर टपाल येत नसे. पत्ता म्हणजे पोस्टातल्या पेटीचा क्रमांक. कंपनीची एक पेटी, तिची किल्ली ऑफिसमध्ये, आणि सगळ्या कामगारांची पत्रं तिच्यात. अम्मीला हे माहीत नव्हतं. तिने चौदा वर्षांत पाकिटावर तो आकडा इतक्यांदा लिहिला होता की तो तिला घराचा नंबरच वाटायचा. अब्बांनी तिला कधी समजावलं नाही, कारण तिने कधी विचारलं नाही. मग आम्ही रुवीच्या पोस्टात गेलो. भिंतभर पेट्या, ओळीने. अब्बा चष्मा पुसून आकडे बघत गेले. तो क्रमांक सापडला. आता अर्थात दुसऱ्या कुणाचा तरी असणार. अम्मीने त्या छोट्या दारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एवढुसं?" तेवढंच. अब्बा म्हणाले, "कॅसेट यात मावायची नाही. तिच्यासाठी काउंटरवर सही करावी लागायची." त्या कॅसेटवर आम्हा भावंडांच्या रडण्याचे आणि सूरे पाठ म्हणण्याचे आवाज भरून पाठवलेले असत.

कुठल्याही पर्यटनाच्या पुस्तकात रुवीचं पोस्ट ऑफिस नाही. आमच्या महिनाभरात सगळ्यांत जास्त वेळ ज्या जागेबद्दल बोलणं झालं ती मात्र तीच.

जी खोली होती ती हमरिया भागात. तिथे जायला अब्बा तयार नव्हते. ह्यांनी आग्रह केला नाही, आणि ते बरोबरच होतं असं मला वाटतं. दुसऱ्याची राहायची जागा ही काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे. आज त्या गल्ल्यांत दुसऱ्या देशांची मुलं राहतात, त्यांनाही आपण बघायला आलो असं वाटू नये. पण एका शुक्रवारी जुम्म्यानंतर अब्बांचे पाय आपोआप तिकडे वळले आणि आम्ही मागोमाग गेलो. इमारत उभी होती. खाली पूर्वी खानावळ होती तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान. जिन्यापाशी एक मुलगा बादलीत कपडे पिळत होता. अब्बांनी सलाम केला, सांगितलं की मी वर राहायचो, १९७७ साली. मुलगा चटगावकडचा. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "चाचा, चला वर, चहा घ्या." नको म्हणता येईना.

मी आणि मुलं खाली थांबलो. अम्मी गेली. वीस मिनिटांनी दोघं उतरले. गाडीत बसेपर्यंत कुणी बोललं नाही. मग अम्मी म्हणाली, "तुम्ही लिहायचात खोली मोठी आहे." अब्बा म्हणाले, "आठ जणांत मोठी होती. सहा जणांच्या खोलीपेक्षा मोठीच की."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर अम्मीने तांदूळ काढले. पुढच्या शुक्रवारी, आणि त्याच्या पुढच्याही, सहा माणसांचं जेवण त्या जिन्यापाशी पोचलं. मुलाने रिकामा डबा धुऊन परत केला, त्यात मूठभर खजूर घालून.

आता आमच्या यादीकडे वळते, कारण तीही काही वाईट नव्हती.

सुलतान काबूस मशीद अब्बांच्या वेळी नव्हती. ती २००१ साली खुली झाली. मुस्लिम नसलेल्या पाहुण्यांना शुक्रवार सोडून रोज सकाळी ८ ते ११ आत जाता येतं, आणि मी सांगेन की आपणही आईवडिलांना एकदा याच वेळेत न्या. कारण जमातीच्या वेळी मुख्य दालन पुरुषांचं असतं आणि बायका त्यांच्या वेगळ्या दालनात, जिथे साडेसातशे जणींची सोय आहे. सकाळी मात्र बायकांनाही मुख्य दालन निवांत बघता येतं. डोकं, हात, पाय झाकलेले हवेत, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. चाकाची खुर्ची लागत असेल तर आधी चौकशी करा. आवार खूप मोठं आहे आणि संगमरवरावरून पाय घसरतात.

आतला गालिचा ६० मीटर रुंद आणि ७० मीटर लांब, एकच अखंड. वजन २१ टन. इराणच्या सहाशे बायकांनी चार वर्षं खपून विणला. गाइड या आकड्यांनंतर झुंबराकडे वळतात. ते १४ मीटर उंच आहे आणि माना वर जातातच. अम्मीची मान खालीच. तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. तिचा प्रश्न असा, की सहाशे जणींचा हात सारखा कसा राहिला? एकीचा टाका घट्ट, एकीचा सैल, हे दिसायला हवं. गाइडने प्रामाणिकपणे सांगितलं की हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. अब्बांना वेगळंच कुतूहल. भिंतींचा दगड भारतातून आणलेला आहे, तीन लाख टन वाळूचा दगड. स्टोअरकीपरचं डोकं ते, त्यांनी लगेच हिशेब मांडायला घेतला, किती जहाजं, कुठे उतरवला असेल, मोजला कुणी.

नमाजेबद्दल एक बारीक गोष्ट. अम्मीने टीव्हीवर इथली जमात पाहिली आणि विचारलं की हे लोक हात का बांधत नाहीत? ओमानमध्ये इबादी पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, ते हात बाजूला सोडून नमाज पढतात. आपण कोकणातले बहुतेक शाफई. अब्बा म्हणाले, "चौदा वर्षं त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो. मी हात बांधले, त्यांनी सोडले. कुणी कुणाकडे वळून पाहिलं नाही." पाहुणे आल्यावर हा प्रश्न बहुतेक घरांत निघतो, म्हणून लिहून ठेवते.

निजवाला आम्ही शुक्रवारी पहाटे निघालो. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, रस्ता उत्तम. पहाटे अशासाठी की किल्ल्याशेजारी शुक्रवारी सकाळी जनावरांचा बाजार भरतो आणि ऊन चढायच्या आत उठतो. घेणारे गोल करून बसतात, मालक आपली बकरी-बोकड त्या रिंगणातून फिरवतो आणि भाव ओरडतो. कुणाला पसंत पडलं तर हात धरून थांबवतो, दात बघतो. मुलांनी असं काही पाहिलेलं नव्हतं. अब्बा आणि एक म्हातारे ओमानी शेजारी शेजारी बसून, एकमेकांची भाषा जेमतेम समजत असताना, एका बोकडाच्या किमतीवर पंधरा मिनिटं मान हलवत राहिले. घेतला कुणीच नाही.

निजवाचा गोल बुरूज सतराव्या शतकाच्या मध्यात इमाम सुलतान बिन सैफ यांनी बांधवला, बारा वर्षं काम चाललं. १६५० साली मस्कतमधून पोर्तुगीजांना घालवणारे तेच. आपल्या वाचकांना हे जवळचं वाटावं, कारण त्याच पोर्तुगीजांचे किल्ले चौल-रेवदंडा आणि वसईलाही होते. वसई मराठ्यांनी १७३९मध्ये घेतली, म्हणजे मस्कत त्यांच्या हातून गेलं त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. मधल्या काळात ओमानी आरमार पार दीवपर्यंत जाऊन त्यांना सतावत होतं. किल्ल्यात एक खोली खजुराच्या पोत्यांची आहे. पोती एकावर एक रचायची, वजनाने रस निघून जमिनीतल्या पन्हळींतून वाहायचा. तो खायला, आणि हल्ला झाला तर उकळून दारावरच्या भोकांतून शत्रूच्या डोक्यावर. धाकटीने घरी येऊन चित्र काढलं ते याचंच.

मला स्वतःला निजवात किल्ल्यापेक्षा पाणी आवडतं. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी नुसत्या उतारावर कित्येक किलोमीटर वाहवत गावात आणलेला पाट. पंप नाही, काही नाही. निजवाचा फलज दारिस आणि आणखी चार फलज २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण खरी गंमत वाटपात आहे. पाणी मापाने नाही, वेळेने वाटतात. दिवसा सावलीच्या काठीने आणि रात्री ताऱ्यांवरून बाग कुणाची, किती वेळ, हे ठरायचं. अब्बांनी पाटात पाय सोडले आणि म्हणाले, "ही तर पाळी!" आमच्याकडे नारळ-सुपारीच्या वाडीला पाटाचं पाणी पाळीनेच मिळायचं, आणि पाळीवरून जेवढी भांडणं गावात झाली तेवढी जमिनीवरून झाली नसतील. इथे भांडतात का, हे त्यांना विचारायचं होतं. जवळ कुणी नव्हतं.

किनाऱ्याच्या बाजूला सूर गावी जायचं राहिलं. लाकडी जहाजं बांधणारं गाव ते, आणि लाकूड आपल्या मलबारचं. त्याऐवजी अल-बुस्तानच्या चौकात ठेवलेलं 'सोहार' जहाज दाखवलं. टिम सेव्हरिन नावाच्या गृहस्थांनी ते सूरला बांधून घेतलं, एकही खिळा न मारता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून. १९८०च्या नोव्हेंबरमध्ये ते मस्कतहून निघालं आणि पुढच्या वर्षी चीनला पोचलं. अब्बा तेव्हा इथेच होते. "आमच्यातले दोघं बघायला गेले होते. मला माल उतरवायचा होता."

सलालाला आम्ही कुणालाच नेत नाही, हे सरळ सांगते. जून ते सप्टेंबर तिथे रिमझिम पाऊस आणि हिरवे डोंगर असतात, आखातभरचे लोक हजार-हजार किलोमीटर गाडी हाकत ते बघायला जातात. आम्ही हे अम्मीला सांगितलं तेव्हा तिला वाटलं आम्ही थट्टा करतोय. पाऊस बघायला? रत्नागिरीच्या बाईला?

फिरणं हे पंधरा-सोळा दिवसांचं. उरलेले दिवस घरातले, आणि परदेशात आलेली वयस्कर माणसं कंटाळतात ती त्या दिवसांना. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, शेजारचं दार बंद. बाल्कनीतून गाड्या मोजायच्या. म्हणून माझं मत असं की यादीतली दोन ठिकाणं कमी करा, पण पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी करा. घराची वेगळी किल्ली द्या. इथलं सिमकार्ड घेऊन फोनमध्ये घाला. आणि चालत जाता येईल अशा मशिदीचा रस्ता दोनदा बरोबर जाऊन दाखवा. अब्बांची असरनंतरची मंडळी दहा दिवसांत जमली. त्यात एक सुदानी मास्तर होते, एक केरळचे निवृत्त फार्मासिस्ट. औषधांचंही तसंच. पूर्ण मुक्कामाची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी गावाहूनच आणायला सांगा, विमा काढूनच बोलवा. लांबच्या रस्त्यावर पेट्रोल पंपांजवळ बहुधा मशीद असतेच, त्यामुळे वजू आणि बाकी सोयींची काळजी नको. साखरेचा त्रास असलेल्यांना मात्र इथल्या हलव्यापासून आणि दर दुकानात पुढे येणाऱ्या कावा-खजुरापासून वाचवणं ही खरी मोहीम आहे. आम्ही ती हरलो.

अम्मीला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं की नाही, यावर आमच्याकडे मतभेद झाले. हे म्हणाले, त्या आराम करायला आल्यात. मी म्हटलं, तिला आराम म्हणजे काय ते तिला ठरवू दे. आठवड्यातून तीन दिवस तिचे, असं ठरलं. त्या तीन दिवसांत ह्यांनी ऑफिसातून जेवायला घरी यायला सुरुवात केली, यावरून काय ते समजा.

परतीच्या सामानात अब्बांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, हाताने भरलेली ओमानी टोपी, कुम्मा. चौदा वर्षांत घेतली नव्हती. तेव्हा प्रत्येक सुट्टीला टू-इन-वन, कापड, दूध पावडर, शेजाऱ्यांच्या पिशव्या, आणि वजनाचा काटा. या वेळी तीस किलोंतले अकरा किलो मोकळे राहिले, ते अम्मीने लूमीने भरले. लूमी म्हणजे इथली उन्हात वाळवलेली काळी लिंबं, कालवणात टाकतात. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आमसुलाच्या ऐवजी लूमी घालून बांगड्याचं कालवण केलं होतं. शेजारणींना फार आवडलं. अब्बांनी पहिल्या घासाला ताट सरकवलं. म्हणाले, हे मी चौदा वर्षं खाल्लंय.